उजव्या विचारात व्यक्तिस्वातंत्र्याची बाजू कोणी लढवली? स्वतंत्र पक्षाबद्दल एक प्रश्न

कृष्णाकाठ (सांगली)

मी उजव्या विचाराचा आहे. घर, जमीन, देवधर्म, भाषा, बाजारातली पत, वडीलधाऱ्यांनी लावून दिलेलं वळण, या गोष्टी सरकारच्या आधीपासून आहेत. सरकारने त्यांना हात लावताना दहा वेळा विचार करावा, एवढंच माझं म्हणणं. आमचा छापखाना आहे. आजोबांनी खिळे जुळवून सुरू केला, आता ऑफसेट आहे. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, निवडणुकीची पत्रकं सगळं छापतो, त्यामुळे सगळ्या पक्षांची माणसं दुकानात येतात आणि मोकळेपणाने बोलतात.

देश घसरतोय असं मला मनापासून वाटतं. नवे रस्ते, मेट्रो, मोबाइलवरून पैसे हे सगळं मलाही दिसतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण एका चिन्हावर निवडून यायचं, दुसऱ्याच्या मांडीवर जाऊन बसायचं, आणि मतदारालाही त्यात काही वावगं वाटू नये, हे कसलं लक्षण? मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. पुढे तीन वर्षांहून जास्त काळ देशातली सगळ्यात श्रीमंत पालिका प्रशासकाने चालवली. राज्यातल्या इतर शहरांचीही तीच गत झाली. गटार तुंबलं तर कोणाच्या दारात जायचं हे कळेनासं झालं, तरी कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही. आपला कारभार आपण करायची सवय सुटते, त्याला मी ऱ्हास म्हणतो.

माझ्या बाजूचे मित्र यावर एकच उपाय सांगतात: खंबीर माणूस आणि कडक कायदा. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने कडव्या डाव्या संघटनांविरुद्धचं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं तेव्हा मी आमच्या कट्ट्यावर एवढंच विचारलं, की उद्या सरकार बदललं तर हाच कायदा आपल्यावर चालवता येणार नाही का? त्यावर "तू कधीपासून डावा झालास?" असं उत्तर मिळालं. विनाचौकशी अटकेला विरोध, छापायचं स्वातंत्र्य, सरकारला कोर्टात खेचायचा हक्क हे सगळं डाव्यांच्या खात्यावर कधी जमा झालं? छापखाना चालवणाऱ्या माणसाला तरी ते पटणारं नाही.

राजाजींच्या, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या, स्वतंत्र पक्षाबद्दल मी तुटक तुटक वाचलंय. जाणकारांना विचारायचं आहे, की भाषणं सोडून त्या मंडळींनी स्वातंत्र्यासाठी प्रत्यक्षात काय केलं? आणि तो वारसा आज कोणी चालवतंय का?

---

फोर्टमधला वकील

कृष्णाकाठ, प्रश्न फार महत्त्वाचा आहे. मी आयुष्यभर मुंबई उच्च न्यायालयात वकिली केली, त्यामुळे उत्तर कोर्टाच्या अंगाने देतो. या मंडळींचं खरं काम तिथेच झालं.

पक्षाचं थोडक्यात. जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूरला सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला, आणि त्याला विरोध म्हणून त्याच वर्षी स्वतंत्र पक्ष निघाला. राजाजी तेव्हा ऐंशीचे होते. गव्हर्नर जनरल होऊन गेलेला, गांधीजींचा व्याही असलेला माणूस त्या वयात आपल्याच जुन्या सहकाऱ्यांविरुद्ध उभा राहिला. बरोबर मिनू मसानी, आंध्रचे शेतकरी नेते एन. जी. रंगा, कन्हैयालाल मुन्शी. लोकसभेत १९६२ ला १८ जागा. १९६७ ला ४४, म्हणजे सर्वात मोठा विरोधी पक्ष. १९७१ ला ८. आणि १९७४ मध्ये चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन. पक्षाची मूळ तत्त्वं सोडून बाकीच्या विषयांवर सभासदाला वेगळं मत मांडायची मुभा होती. आजच्या पक्षादेशाच्या काळात हे सांगितलं तर लोकांचा विश्वास बसत नाही.

आता खटले. १९ जुलै १९६९ ला १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. रुस्तम कूपर हे चार्टर्ड अकाउंटंट, स्वतंत्र पक्षाचे पदाधिकारी आणि सेंट्रल बँकेचे संचालक. ते सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यांची बाजू नामवंत वकील नानी पालखीवालांनी मांडली. वरवर पाहिलं तर हा श्रीमंतांच्या शेअर्सचा वाद. मसानी आणि कूपर भांडवलदारांचे हस्तक आहेत, असंच तेव्हा बहुतेकांना वाटत होतं. १० फेब्रुवारी १९७० ला निकाल लागला, दहा विरुद्ध एक, कूपर यांच्या बाजूने.

त्या निकालात एक गोष्ट अशी झाली की तिचं मोल आपल्याकडे उजव्यांनाही कळलं नाही आणि डाव्यांनाही. १९५० च्या गोपालन खटल्यापासून कोर्ट मूलभूत हक्कांचे वेगवेगळे कप्पे मानत होतं. माणसाला स्थानबद्ध केलं तर फक्त स्थानबद्धतेच्या कलमापुरतं बघायचं. त्यामुळे त्याचं बोलणं, फिरणं, कामधंदा बंद पडला त्याचं काय, हा प्रश्न त्या कप्प्यात विचारायचाच नाही. कूपर निकालाने ही भिंत पाडली. कायदा कशासाठी केला असं सरकार सांगतंय यावर थांबू नका, त्याचा नागरिकावर प्रत्यक्ष परिणाम काय होतो ते बघा, आणि हक्क एकमेकांबरोबर वाचा, असं कोर्टाने सांगितलं.

बँका परत मिळाल्या नाहीत. सरकारने नवा कायदा आणून काम पुरं केलं. पण विचार टिकला. १९७८ च्या मनेका गांधी खटल्यात पासपोर्ट जप्त करण्याचा प्रश्न होता. तिथे कोर्ट म्हणालं की कायद्याने ठरवलेली पद्धत न्याय्य आणि वाजवीही असली पाहिजे. ते कूपर निकालाच्या पायावर उभं आहे. २०१७ मध्ये नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाचा हक्क मान्य केला, त्या निकालातही कूपर आहे. आज एखादा डावा कार्यकर्ता जामिनासाठी कलम २१ चा, म्हणजे जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा, आधार घेतो, तेव्हा तो एका उजव्या भागधारकाने जिंकून ठेवलेल्या जमिनीवर उभा असतो. कूपर निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जे. सी. शाह यांनीच पुढे आणीबाणीतल्या अत्याचारांची चौकशी केली. आणि एकमेव विरोधी मत देणारे न्यायमूर्ती ए. एन. राय यांना एप्रिल १९७३ मध्ये तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून सरन्यायाधीश केलं गेलं. हा क्रम नीट ध्यानात ठेवा.

दुसरा खटला तुमच्या धंद्याचा आहे. मसानी मुंबईहून 'फ्रीडम फर्स्ट' नावाचं छोटं इंग्रजी मासिक चालवत. खप मामुली. आणीबाणी लागल्यावर अंकाचा मजकूर सेन्सॉरकडे तपासायला द्यावा लागला आणि सेन्सॉरने त्यातले ११ मजकूर अडवले. भल्याभल्या मोठ्या दैनिकांनी त्या काळात मान खाली घातली होती. मसानींनी मात्र सरळ मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली, सोली सोराबजी त्यांचे वकील. आधी एकल न्यायाधीशांपुढे जिंकले. सेन्सॉर बिनोद राव अपिलात गेले, तर फेब्रुवारी १९७६ मध्ये न्या. मादन आणि न्या. कानिया यांच्या खंडपीठानेही सेन्सॉरला फटकारलं. सगळ्या नियतकालिकांनी एकाच वाऱ्याच्या दिशेने जावं, एकाच सुरात बोलावं, हे बघणं सेन्सॉरचं काम नाही, असा त्या निकालाचा आशय आहे. आणीबाणी चालू असताना, न्यायाधीशांच्या बदल्या होत असताना, मुंबईत हे लिहिलं गेलं. आपल्या शहराचा मला ज्या गोष्टींबद्दल अभिमान वाटतो त्यात हा निकाल फार वर आहे.

पुढच्या दोनच महिन्यांत, २८ एप्रिल १९७६ ला, सर्वोच्च न्यायालयाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असं सांगितलं की आणीबाणीत स्थानबद्ध माणसाला कोर्टाचं दार वाजवता येणार नाही. एकटे न्या. खन्ना विरोधात गेले आणि त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. म्हणजे देशाची मान खाली जायची तेव्हा वरून गेली आणि ताठ राहिली ती एका छोट्या मासिकाच्या खटल्यात. देश घसरतोय या तुमच्या चिंतेला माझ्यापुरतं उत्तर हे आहे. खंबीर माणूस तेव्हा दिल्लीत होताच. देश सावरला तो आपला अंक छापायचा हट्ट न सोडणाऱ्यांमुळे.

---

निफाडचा शेतकरी

राम राम. वकीलसाहेबांनी कोर्टातलं सांगितलं, मी शेतातलं सांगतो. आमच्याकडे स्वातंत्र्य म्हटलं की भाषणाचं आठवत नाही, कांद्याचं आठवतं.

१९ ऑगस्ट २०२३, शनिवार. संध्याकाळी मोबाइल वाजायला लागले: कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क. त्या आठवड्यात माझी निम्मी चाळ भरलेली होती. उन्हाळ कांदा मार्च-एप्रिलात काढायचा, पात कापायची, सुकवायचा, चाळीत हवा खेळती राहील असा भरायचा आणि भाव बघून काढायचा. ऑगस्ट उजाडला की पावसाळी हवेने तो आतून सडायला लागतो, काहींना कोंब फुटतात, वजन घटतं. पोती भरताना हाताला ओल लागली की पोटात गोळा येतो. एवढी जोखीम घेऊन ठेवलेला माल, आणि त्याचा भाव एका कागदाने पाडला. सोमवारपासून लासलगावला लिलाव बंद. डिसेंबरात तर सरळ निर्यातबंदीच आली, तीही नवा लाल कांदा बाजारात येत असताना. मी कोणाचा गुन्हा केला होता?

त्याआधीचं ऐका. जून २०२० मध्ये अध्यादेश काढला, की कांदा आता अत्यावश्यक वस्तू कायद्याच्या कचाट्यातून बहुतांश मोकळा झाला. आम्ही पेढे वाटायचेच बाकी होतो. सप्टेंबरात निर्यातबंदी. साठ्यावर मर्यादा एका कायद्याने, निर्यात दुसऱ्या कायद्याने, पण हात एकच. आणि हे काँग्रेसच्या राज्यातही असंच होतं, म्हणून तर शेतकरी संघटनेचे शरद जोशी उभे राहिले. शहरातल्या गिऱ्हाइकाला कांदा महाग झाला की सगळ्या पक्षांना शेतकरी एकसारखाच दिसतो.

कृष्णाकाठ दादा विचारतात वारसा कोणी चालवला. आमच्याकडे तो शरद जोशींनी चालवला. १९९४ मध्ये त्यांनी पक्ष काढला तेव्हा नाव मुद्दाम 'स्वतंत्र भारत पक्ष' ठेवलं, राजाजींचा धागा पकडून. "भीक नको, हवे घामाचे दाम" ही घोषणा म्हणजे अख्खं अर्थशास्त्र आहे. आम्हाला माफी नको, अनुदान नको, फक्त आमचा माल विकू द्या. निवडणुकीत आमचा पक्ष कधी फार चालला नाही, ते खरं.

पण एक गोष्ट घडली ती मी डोळ्यांनी बघितली. चांदवडला १९८६ मध्ये शेतकरी महिलांचं अधिवेशन झालं, लाखांत बाया आल्या होत्या. नंतर संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली: नवऱ्याने आपणहून बायकोच्या नावावर जमीन करायची. सरकारचा हुकूम नाही, कायदा नाही, कोर्ट नाही. आमच्या वडिलांनी आईला घेऊन तलाठ्याकडे जाऊन दीड एकर तिच्या नावावर केलं. सातबाऱ्यावर नाव बघून आई दोन दिवस कोणाशी धड बोलली नाही. नंतर त्याच उताऱ्यावर तिने स्वतः सोसायटीचं कर्ज काढून विहिरीवर मोटर बसवली. घर मोडलं नाही, रीतभात मोडली नाही आणि बाईचा हक्क मात्र घरात आला. उजव्या विचाराने समाज कसा सुधारायचा हे कोणी विचारलं तर मी हे सांगतो.

---

करवीर (प्राध्यापक, कोल्हापूर)

वरचं सगळं आदराने वाचलं. पण माझ्या घरातून हा इतिहास वेगळा दिसतो.

माझ्या पणजोबांच्या नावावर जमीन झाली ती कूळ कायद्यामुळे. १९४८ चा कायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन. ते ज्या रानात पिढ्यानपिढ्या राबले ते त्यांचं झालं, कारण सरकारने एका मालकाच्या 'मूलभूत हक्काला' हात घातला. स्वतंत्र पक्ष अशा कायद्यांना घटनेचं संरक्षण देण्याच्या विरोधात होता. त्यांच्या बाकांवर संस्थानिक बसत, त्यांना पैसा गिरणीमालकांचा, आणि महाराष्ट्रात बहुजन समाजाने त्यांना कधी जवळ केलं नाही, ते उगाच नाही. मालमत्तेचा हक्क पवित्र म्हणायचा तर ती मालमत्ता आली कुठून हेही विचारावं लागेल.

कृष्णाकाठ, तुम्ही 'वडीलधाऱ्यांनी लावून दिलेलं वळण' म्हणता. त्या वळणात काहींच्या वाट्याला वेगळा पाणवठा होता. आमच्या शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ ला हुकूम काढून मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या. वळण तोडलं ते राज्यसत्तेने. समाजाने आपणहून तोडावं म्हणून वाट बघितली असती तर मी आज कॉलेजात शिकवत नसते.

आणि आणीबाणीत तुरुंगात गेलेल्यांत समाजवादी होते, सर्वोदयी होते, मार्क्सवादी होते, संघाचेही होते. नागरी हक्कांची संघटना जयप्रकाशांनी १९७६ मध्ये उभी केली, तिचे खांब न्या. तारकुंडे, आपल्या सासवडचे, मूलगामी मानवतावादी. कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात मंत्र्यांसमोर बोलल्या त्या दुर्गाबाई. श्रेय एका बाजूने घेऊन जाऊ नये.

राहिला ऱ्हास. देश कधीपासून घसरतोय हे ज्याचं त्याने आपल्या घराण्याच्या चढउतारावरून ठरवलेलं असतं, असा माझा अनुभव आहे. माझं घराणं गेली सत्तर वर्षं चढतंय.

---

कृष्णाकाठ

ताई, पाणवठ्याचं तुम्ही म्हणता ते नाकारणारा मी कोण. माझ्याच गावातली विहीर मला माहीत आहे. ते वळण मला नको आहे. पण माझी शंका अशी: ज्या सत्तेने पणजोबांना जमीन दिली त्याच सत्तेच्या हातात आज निफाडच्या दादांचा कांदा आहे. द्यायचा हात आणि घ्यायचा हात वेगळे कसे ठेवायचे? वकीलसाहेब, यावर कायद्यात काही आहे का?

---

फोर्टमधला वकील

प्राध्यापकताई, स्वतंत्र पक्षाच्या मर्यादांबद्दल तुमच्याशी माझा वाद नाही. रामगढच्या राजासारखे लोक त्या पक्षात आले आणि निघूनही गेले. १९७१ मध्ये तत्त्वाशी काही देणंघेणं नसलेली बडी आघाडी करून त्यांनी स्वतःला बुडवलं. कूळ कायदा न्यायाचा होता असं मीही मानतो. माझा आक्षेप कूळ कायद्याला संरक्षण देण्यासाठी जे हत्यार घडवलं त्यावर आहे, आणि कृष्णाकाठांच्या शंकेचं उत्तरही त्यातच आहे.

१९५१ मध्ये पहिली घटनादुरुस्ती झाली आणि घटनेला नववं परिशिष्ट जोडलं. त्यात टाकलेल्या कायद्याला मूलभूत हक्कांच्या आधारे कोर्टात आव्हान देता येणार नाही. सुरुवातीला १३ कायदे होते, सगळे जमीनदारी आणि कुळांचे. कोणाही भल्या माणसाला वाटेल की गरिबासाठी हे हवंच. आता पुढची यादी बघा. १९७५ मध्ये 'मिसा', म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायदा, त्याच परिशिष्टात गेला. हजारो माणसं ज्या कायद्याखाली विनाचौकशी कोंडली तो! १९७६ मध्ये अत्यावश्यक वस्तू कायदा गेला, निफाडचा कांदा ज्याच्या कचाट्यात आहे तो. आणि त्याच वर्षी आक्षेपार्ह मजकूर छापण्यास बंदी करणारा कायदाही गेला, म्हणजे कृष्णाकाठांचा छापखाना. परिशिष्टातले कायदे वाढत वाढत २८४ झाले. कुळासाठी बांधलेल्या तटबंदीआड पुढे तुरुंगाधिकारी आणि सेन्सॉर येऊन बसले. मसानी, राजाजी, पालखीवाला हेच सांगत होते. त्यांचे हेतू तपासा, जरूर तपासा, पण सांगितलेलं खरं ठरलं.

सावरताना काय झालं तेही सांगतो, कारण त्याने मला फार वाईट वाटतं. १९७७ ला जनता सरकार आलं. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने खूप मोठी कामं केली. मिसा आणि छपाईबंदीचा कायदा नवव्या परिशिष्टातून काढले. 'अंतर्गत अशांतता' या शब्दांवर आणीबाणी लावता येत होती, तिथे 'सशस्त्र उठाव' घातलं. जीविताचा हक्क आणीबाणीतही गोठवता येणार नाही असं केलं. आणि त्याच दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतून काढून टाकला. तुरुंगातून बाहेर आलेल्या माणसांनी, स्वतंत्र पक्षाचे अवशेष ज्यांच्यात विरघळले होते त्यांनीच. मोठ्या मालकाला त्याने काही फरक पडला नाही, त्याच्याकडे वकील असतात. फरक पडला तो धरणात, रस्त्यात, प्रकल्पात दोन एकर जाणाऱ्याला. ताई, आज तुमच्या पणजोबांचं रान कोणी मागितलं तर मालमत्तेच्या आताच्या ३००-अ कलमाखाली तुम्हाला थेट सर्वोच्च न्यायालयात मूलभूत हक्क म्हणून दाद मागता येणार नाही. कुळाचा मालक झाला आणि मग मालकाचा हक्कच पातळ केला.

२००७ च्या कोएल्हो निकालाने थोडं सावरलं: २४ एप्रिल १९७३ नंतर परिशिष्टात टाकलेले कायदे तपासता येतात.

आणि वारसा आज पक्षरूपाने का दिसत नाही, याचं एक कारण कायद्यातच आहे. १९८९ पासून पक्षाची नोंदणी करायची तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या २९-अ कलमाप्रमाणे समाजवादावर निष्ठा लिहून द्यावी लागते. महाराष्ट्रातल्या जुन्या स्वतंत्र पक्षाच्या मंडळींनी खोटी शपथ घ्यायला नकार दिला आणि मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिलं. ते प्रकरण वर्षानुवर्षं पडून राहिलं. १५ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत 'समाजवादी' शब्द घालायची सूचना आली तेव्हा खुद्द बाबासाहेबांनी ती नाकारली होती. समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे लोकांनी काळाप्रमाणे ठरवायचं, घटनेने त्यांचे हात बांधायचे नाहीत, असं त्यांचं म्हणणं. यात डावं काय आणि उजवं काय?

---

करवीर

मिसा नवव्या परिशिष्टात होता हे मला माहीत नव्हतं. कुळाच्या कायद्याशेजारी तो बसवणं हा कुळांचाही अपमान आहे. तरीही माझा मुद्दा कायम आहे: हक्क कागदावर भक्कम आणि जमीन चार घरांकडे, असं झालं तर त्या स्वातंत्र्याला लोक राखत नाहीत. १९७१ ला राखलं नाही. तुमच्या बाजूने याचं उत्तर लक्ष्मीमुक्तीसारखंच काहीतरी असेल, तर त्याचं पुढे काय झालं ते निफाडच्या दादांनी सांगावं. आमच्या भागात मला ते दिसलं नाही.

---

निफाडचा शेतकरी

ताई, खरं सांगतो, थांबलं. लाखावर बायांच्या नावावर जमीन झाली असं संघटना सांगायची, पण पुढच्या पिढीने नेटाने चालवलं नाही. माझ्या दोन्ही सुनांच्या नावावर अजून काही नाही. पोरांशी बोललोय. दिवाळीनंतर तलाठ्याकडे जायचं ठरलंय.

सिलिंगवरही, म्हणजे किती जमीन ठेवता येते त्यावरही, बोलावंसं वाटतं. बागायती १८ एकर, कोरडवाहू ५४, ही मर्यादा शेतीलाच. कारखान्याला नाही, बिल्डरला नाही. पण आमच्या गावात आता १८ एकरवाला उरलाय कुठे? वाटण्या होऊन सगळे दोन-तीन एकरांवर आलेत. त्यामुळे तो वाद मी आता करत नाही. मला फक्त विकायची मोकळीक पाहिजे.

---

कृष्णाकाठ

सगळ्यांचे आभार. आमच्या आमदाराला मी मत दिलंय आणि त्याची पत्रकंही छापलीत. त्याला जनसुरक्षा विधेयकावर पत्र लिहितोय. विरोधक म्हणून नाही, मतदार म्हणून. तीन मुद्दे आहेत. एक, बेकायदा कृत्याची व्याख्या इतकी सैल आहे की सार्वजनिक व्यवस्थेत अडथळा 'येऊ शकेल' असं बोलणंही तिच्यात बसवता येईल. दोन, बंदी घातलेल्या संघटनेची जागा सरकारी अधिकारी ताब्यात घेऊ शकतो, आणि भाड्याने गाळा देणाऱ्याचं किंवा पत्रकं छापून देणाऱ्याचं काय होणार हे स्पष्ट नाही. तीन, 'कडवे डावे' हे शब्द आज आहेत. उद्याच्या सरकारने ते बदलून 'कडवे उजवे' केलं तर आपण काय म्हणणार? कट्ट्यावरचे दोघे सही करायला तयार झालेत, बाकीचे विचार करतो म्हणाले. वकीलसाहेब, कच्चा मसुदा बघाल का?

---

फोर्टमधला वकील

जरूर, संदेशातून पाठवा. दुसरा मुद्दा पहिला करा, तो तुमच्या व्यवसायाचा आहे आणि त्यावर तुम्हाला कोणी डावा म्हणू शकणार नाही. त्यात एक मागणी ठोस घाला: जागा ताब्यात घेण्याआधी न्यायाधीशाचा आदेश लागावा आणि मालकाला म्हणणं मांडायची संधी मिळावी. तिसऱ्या मुद्द्यातला प्रश्न तसाच ठेवा, पण 'मिसा'चं उदाहरण जोडा. तुमच्या आमदाराच्या पक्षातले कितीतरी वयस्कर लोक त्या कायद्याखाली आत गेलेले आहेत, त्यांच्यापैकी कोणी सांगली-मिरजेत असतील तर त्यांची सही सगळ्यात आधी घ्या. पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपून ठेवा, आणि एक प्रत विधी व न्याय विभागालाही द्या.